एसीतला गॅस संपत नसतो

मागच्या आठवड्यात कॉलनीतल्या एका काकूंचा फोन आला, तुझ्याकडे त्या एसीवाल्या चाचांचा नंबर आहे ना तो पाठव म्हणाल्या, आमच्या विंडो एसीतला गॅस दर वर्षी संपतो आणि यंदा तर मार्चमध्येच संपला. नंबर लगेच पाठवला, पण ते "दर वर्षी संपतो" माझ्या डोक्यातून जाईना, कारण आमच्या घरी हेच तीन वर्षं चाललं होतं आणि तीनही वर्षं आम्ही मुकाट पैसे दिले होते. काकूंना फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण एकदा नीट लिहूनच ठेवावं असं वाटलं. नागपुरात उन्हाळा लागलाच आहे आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना तरी याचा उपयोग होईल.

बाबांची खोली दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला, वर थेट स्लॅब. नागपूरचा मे काय असतो हे बाहेरच्यांना आकड्यात सांगायचं तर 23 मे 2013 ला इथे 47.9 डिग्री झालं होतं, आणि 44-45 तर दर वर्षीचंच. नवतप्यात, म्हणजे मे संपतानाच्या नऊ तापत्या दिवसांत, रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी भिंत गरम लागते. आधी बाबांच्या खोलीत कूलरच होता, पण बायपास झाल्यावर डॉक्टर म्हणाले यांना उन्हाळ्यात जपा, तेव्हा 2014 मध्ये दीड टनाचा विंडो एसी घेतला. सात वर्षं काही म्हणजे काही त्रास नाही. मग 2021 च्या जुलैत एका रात्री एसीतून हवा येईनाशी झाली, आवाज चालू पण हवा नाही, समोरची जाळी काढून पाहिलं तर आत कॉइलवर बर्फ, चांगला बोटभर जाड. मेकॅनिक आला, त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला मॅडम गॅस संपलाय. भरला. पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्येच थंड होईना, परत गॅस संपलाय, परत भरला. 2023 ला तेच. बाबा म्हणायचे असू दे गं, गाडीत पेट्रोल टाकतो तसंच आहे ते, आणि मलाही तेव्हा ते पटायचं.

2024 च्या मे महिन्यात चौथ्यांदा हेच झालं आणि तो मेकॅनिक फोन उचलेना, म्हणून भावाच्या ऑफिसातल्या कोणीतरी या चाचांचं नाव सुचवलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, स्कूटरवर आले, मागे एक छोटा सिलिंडर आणि पितळी पकडीची पिशवी. त्यांनी आधी काही उघडलंच नाही, खुर्ची ओढून बसले आणि विचारलं की पहिल्यांदा गॅस भरला तेव्हा नेमकं काय झालं होतं, कुठला महिना होता. मी सगळं सांगितलं. तीन वेळा गॅस भरला म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "बेटा, ये तो सीलबंद माल है, इसमें से गैस जाएगी कहाँ?"

त्या दुपारी त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

माठ घ्या. माठातलं पाणी झिरपतं, बाहेरून सुकतं, सुकताना माठाची उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. कूलरही तेच करतो, ताट्या ओल्या, पंखा वारा ओढतो, पाणी सुकतं आणि हवा गार होते. पण सुकलेलं पाणी हवेत निघून जातं म्हणून माठ रोज भरावा लागतो आणि कूलरला पाइप लावून ठेवावा लागतो. एसीतसुद्धा एक द्रव सुकतो आणि सुकताना गारवा देतो, फरक एवढाच की हा द्रव तांब्याच्या बंद नळीत असतो, त्याची वाफ हवेत जात नाही, ती गोळा करून दाबून परत द्रव करायची आणि परत सुकवायची, दिवसभर हेच. तोच गॅस फिरत राहतो, जळत नाही, खर्च होत नाही. नळी शाबूत असेल तर दहा वर्षांनीही फॅक्टरीत भरला तेवढाच ग्रॅम गॅस आत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि भोक न बुजवता गॅस भरणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं.

मग त्यांनी आणि भावाने मिळून एसी आत ओढला. विंडो एसीची ही मोठी सोय आहे, बाहेरचा पत्र्याचा डबा खिडकीतच राहतो आणि आतली सगळी मशीन ड्रॉवरसारखी पुढे सरकते. वजन मात्र भयंकर, दोन माणसं लागतातच, एकट्याने हात घालू नये. टेबलावर ठेवल्यावर मी पहिल्यांदा ती आतून पाहिली आणि खरं सांगते, एवढी सरळ असेल असं वाटलं नव्हतं. खोलीच्या बाजूला एक जाळीदार कॉइल, ती थंड होणारी. बाहेरच्या बाजूला तशीच दुसरी मोठी, ती गरम होणारी, कंडेन्सर. दोन्हीच्या मध्ये थर्माकोलची भिंत, एका कोपऱ्यात काळा डबा, तो कॉम्प्रेसर. आणि एका कॉइलकडून दुसरीकडे जाणारी, गुंडाळी केलेली तांब्याची बारीक केसनळी, कॅपिलरी म्हणतात तिला, तिचं भोक एवढं बारीक की त्यातून जोरात दाबलेला द्रव पलीकडे गेला की दाब एकदम पडतो आणि तो उकळायला लागतो. आमच्या जुन्या मशीनमध्ये आर-22 गॅस होता, तो उघड्या हवेत उणे 41 डिग्रीलाच उकळतो, कॉइलमधल्या दाबाला साधारण 5 डिग्रीला. म्हणजे खोलीतली 30 डिग्रीची हवा त्याच्यासाठी जळती चूलच आहे, ती उष्णता पिऊन तो उकळतो, वाफ कॉम्प्रेसरमध्ये जाते, तिथे दाबली जाऊन इतकी तापते की बाहेरच्या 45 डिग्रीच्या हवेपेक्षाही गरम होते, तेव्हाच तर ती आपली उष्णता बाहेर टाकू शकते ना. बाहेरच्या हवेपेक्षा गरम झाल्याशिवाय बाहेर उष्णता जाणारच नाही, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, आणि मेमध्ये एसीला धाप का लागते हे तिथेच कळलं.

पंख्याची मोटर एकच असते आणि तिचा दांडा दोन्हीकडून बाहेर आलेला असतो. आतल्या टोकाला ब्लोअर, तो खोलीतली हवा थंड कॉइलवरून ओढून परत खोलीत टाकतो. बाहेरच्या टोकाला पात्यांचा पंखा, तो डब्याच्या दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या फटींतून बाहेरची हवा घेतो आणि कंडेन्सरमधून मागे फेकतो. या बाहेरच्या पंख्याच्या कडेला एक रिंग असते. थंड कॉइलवर जमलेलं पाणी ट्रेमधून मागे येतं आणि ती रिंग ते पाणी उचलून गरम कंडेन्सरवर उडवते, म्हणजे हवेतून काढलेलं पाणी फुकट जात नाही, कंडेन्सर गार करायला वापरलं जातं. पावसाळ्यात विंडो एसीतून छप छप असा जो आवाज येतो तो याचाच. तो बिघाड नाही. काही जण आवाज बंद करायला ट्रेला खालून भोक पाडतात आणि ही फुकटची मदत घालवून बसतात.

पाण्यावरून आठवलं. माझी बहीण वसईला असते, तिच्या एसीतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी पडतं, ती बादली लावून झाडांना घालते. आमच्या एसीतून मेमध्ये थेंब पडत नाही. शेजारचे म्हणायचे पाणी पडत नाही म्हणजे एसी काम करत नाही. तसं नसतं हो. पाणी गॅसचं नसतं, हवेतल्या ओलीचं असतं, आणि नागपूरच्या मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी की 10-12 डिग्रीच्या कॉइलवरही जमायला ओलच नाही. (तेवढ्यासाठीच तर आपल्याकडे कूलर एवढा झकास चालतो आणि वसईला अजिबात चालत नाही.) याचीच दुसरी बाजू अशी की आमच्याकडे भर उन्हाळ्यात त्या रिंगला उडवायला पाणीच मिळत नाही, कंडेन्सरला एकट्यानेच झुंजावं लागतं. म्हणून विदर्भात विंडो एसीची मागची बाजू जपायला पाहिजे, दुसरं काही नाही केलं तरी चालेल पण एवढं करा.

आमच्याकडे तिथेच गडबड होती. एसी बसवताना सुताराने खिडकीत प्लाय अशी ठोकली होती की डब्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी निम्म्याच्या वर झाकल्या गेल्या होत्या. त्या फटींतूनच तर हवा आत जाते. चाचांनी भावाला दाखवलं, इथून नाक दाबून ठेवलंय. आणि दुपारी दोननंतर त्यावर थेट ऊन. प्लाय कापली, वर दोन फूट पुढे येईल अशी हिरवी जाळी बांधली, पण मागे वारा मोकळा राहील अशी, जाळी डब्याला चिकटवून गुंडाळायची नाही. एवढ्याने दुपारी तीनला जो एसी दमायचा तो दमेनासा झाला.

आता मुख्य गोष्ट, गॅसची.

त्यांनी मशीन टेबलावरच चालू केली, वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. मशीनवरच्या कंपनीच्या प्लेटवर साडेसात अँपिअर लिहिलं होतं आणि मीटर पाचच्याही आत. कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन नळ्यांवर दुधावर येते तशी पांढरी साय आणि बाकीची कॉइल कोमट. गॅसचा दाब दाखवणारं गेज लावलं, जिथे 65-70 पाहिजे तिथे काटा 35 वर. म्हणजे गॅस खरंच कमी होता. मी म्हटलं चाचा, मग तो मेकॅनिक खरंच बोलत होता की. ते म्हणाले थांबा. वाटीत कपड्याच्या साबणाचा घट्ट फेस केला, ब्रशने एकेक जोड रंगवत गेले, अगदी हळू, प्रत्येक जोडावर थांबून टॉर्च मारायचा, बाजूने पाहायचं. कॉइलचे जोड चांगले, कॅपिलरीचे चांगले, कॉम्प्रेसरचे चांगले. शेवटी कॉम्प्रेसरमधून निघालेल्या एका आखूड नळीवर एक पिन वॉल्व होता, सायकलच्या ट्यूबला असतो तसाच दिसतो. त्याला टोपी नव्हती. त्यावर फेस लावला आणि बरंच थांबलो, काही झालं नाही, आणि मग मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला, आणि परत तिथेच दुसरा.

तो वॉल्व कंपनीचा नव्हता. कंपनी फॅक्टरीत गॅस भरून ती नळी दाबून कायमची बंद करते, विंडो एसीत आपल्या घरी जोडायचा एकही नट नसतो, सगळे जोड फॅक्टरीतच पक्के केलेले, म्हणून तर स्प्लिटपेक्षा विंडो एसीला लीक कमी. तो वॉल्व 2021 मध्ये पहिल्यांदा गॅस भरताना लावला गेला. म्हणजे त्या जुलैत लीक नव्हताच. बर्फ गॅसमुळे झाला नव्हता, फिल्टरमुळे झाला होता. अख्ख्या उन्हाळ्याची धूळ फिल्टरवर बसलेली, घरात कोणालाच माहीत नव्हतं की तो धुवायचा असतो. हवा कॉइलवरून गेली नाही की आतल्या गॅसला पुरेशी उष्णता मिळत नाही, कॉइल शून्याच्या खाली जाते, आणि जुलैच्या दमट हवेतली ओल त्यावर गोठत राहते. नुसता फिल्टर धुतला असता आणि फक्त फॅन चालवून बर्फ वितळवला असता तर काम झालं होतं. त्याऐवजी चांगली बंद नळी कापून तिला वॉल्व लावला, त्याची टोपी लावली नाही, आणि आतलं रबर कडक होऊन तिथूनच गॅस वर्षभर हळूहळू जात राहिला. दर वर्षी आम्ही जे भरत होतो ते त्या पहिल्या दिवशी केलेल्या भोकातून जात होतं. मला तेव्हा फार राग आला आणि अजूनही येतो, कारण त्या तीन उन्हाळ्यांत बाबांनी कितीतरी दुपारी ओला पंचा अंगावर घेऊन काढल्या आहेत.

चाचांनी उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, हवेत सोडला नाही, आर-22 ओझोनला मारतो आणि आपल्याकडे 2030 पर्यंत तो बंदच होणार आहे, म्हणून आताच महाग झालाय. मग नायट्रोजन भरून गेजच्या काट्यावर स्केचपेनने खूण केली आणि चहा घेतला, जेवले, दोन तासांनी काटा जागेवरच होता, म्हणजे बाकी कुठे लीक नव्हता. मग व्हॅक्युम पंप लावला, पाऊण तास. हे व्हॅक्युम फार महत्त्वाचं आहे, कारण नळीत हवा राहिली तर ती कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, नुसती जागा अडवून दाब वाढवते, आणि ओल राहिली तर त्या बारीक केसनळीच्या तोंडाशी बर्फ होऊन रस्ताच बंद. आधीच्या तीनही वेळा पंप आमच्या घरात आलाच नव्हता. मग सिलिंडर छोट्या वजनकाट्यावर ठेवून प्लेटवर लिहिले होते तितकेच ग्रॅम गॅस मोजून सोडला, अंदाजपंचे नाही. आणि शेवटी ती नळी दोन ठिकाणी दाबून टोक ब्रेझिंगने, म्हणजे डाख देऊन, बंद केलं, वॉल्व काढूनच टाकला. तो वॉल्व मी ठेवलाय, टेबलाच्या खणात आहे.

तर गॅस खरंच कमी आहे का हे मेकॅनिक यायच्या आधी घरीच थोडंफार कळतं. फिल्टर धुऊन, वाळवून परत लावा. एक साधा थर्मामीटर घ्या, फिशटँकला लावतात तो डिजिटल पण चालेल. एसी वीस मिनिटं चालू द्या, मग जिथून हवा आत जाते तिथे तापमान बघा आणि जिथून थंड हवा येते तिथे बघा. दोन्हींत 8 ते 12 डिग्रीचा फरक आला तर गॅस कमी नाही, खोली थंड होत नसली तरीही नाही, मग दोष दुसरीकडे शोधा, दाराची फट, वरची तापलेली स्लॅब, खोली मोठी आणि एसी लहान, काहीही. फरक 3-4 डिग्रीच असेल तर कॉइल बघा, सगळीकडे सारखा बर्फ असेल तर हवा अडलीये, आणि सुरुवातीच्या थोड्याच भागावर बर्फ आणि बाकी कोमट असेल तर गॅसची शंका घ्या. आणि मेकॅनिक गॅस म्हणाला की एकच विचारा, भाऊ लीक कुठे आहे ते दाखवा. दाखवला तर भरू द्या.

एक छोटी गोष्ट जी मी चार घरांत तरी पाहिली. जुन्या विंडो एसीला पुढे एक लहान दांडी असते, व्हेंट किंवा एक्झॉस्ट लिहिलेलं असतं, ती उघडली की खोलीतली थोडी हवा बाहेर टाकली जाते. धूर-वास घालवायला ती छान, पण पुसताना हात लागून ती उघडीच राहते आणि मग खोलीतली थंड हवा बाहेर आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटीतून आत, दिवसभर. आधी ती दांडी बघा.

दुसरं मोठं प्रकरण लाइटचं. आमच्याकडे जूनमध्ये संध्याकाळी व्होल्टेज पडतं. एका रात्री लाइट गेली आणि लगेच आली, बाबांनी एसी परत लावला, आणि आतून घुर्रर्र असा जड आवाज आला, घरातले दिवे मंद झाले आणि टक् करून बंद. दोन मिनिटांनी परत घुर्रर्र, टक्. याचं कारण असं की बंद झाल्या झाल्या कंडेन्सरच्या बाजूला जोराचा दाब असतो आणि थंड कॉइलच्या बाजूला कमी, तो दाब त्या बारीक केसनळीतून सारखा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधी कॉम्प्रेसर चालू केला तर तो त्या दाबाविरुद्ध उठूच शकत नाही, नुसता करंट ओढतो आणि तापतो. ते टक् म्हणजे त्याचं ओव्हरलोड, जास्त तापला की बंद करणारा स्विच, ते त्याला वाचवतं, पण रोज रोज असं झालं की आतल्या मोटरचं वाइंडिंग जातं, आणि कॉम्प्रेसर गेला की जुन्या एसीत मग काही राम राहत नाही. म्हणून बंद केला की तीन मिनिटं थांबा, घड्याळ लावून थांबा. रिमोटवाल्या एसीत आणि चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये हा थांबा आपोआप असतो, बाबांच्या एसीला गोल बटणं आहेत, म्हणून आम्ही थांब्याचा स्टॅबिलायझर घेतला.

पण तीन मिनिटं थांबूनही घुर्रर्र-टक् होत असेल तर बहुतेक वेळा कॅपॅसिटर गेलेला असतो. मेकॅनिक लोक त्यालाही कंडेन्सरच म्हणतात, त्यामुळे घोळ होतो, कंडेन्सर गेला म्हटलं की आपल्याला वाटतं मागची अख्खी कॉइल गेली. हा पत्र्याचा एक डबा असतो, कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर द्यायला, आणि तो स्वस्त असतो, काही शे रुपयांत नवा येतो. फुगलेला दिसला किंवा तेल आलं असेल तर गेलाच समजा. मात्र प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो आणि जबर झटका बसतो, त्यामुळे तिथे आपण हात घालायचा नाही, कितीही सोपं वाटलं तरी. आणि "कॉम्प्रेसर गेला" असं कोणी म्हणालं तर आधी कॅपॅसिटर बदलून पाहायला सांगा.

प्लगचंही बघा. दीड टनाचा एसी तासन् तास सात-आठ अँपिअर ओढतो, त्याला मोठा 16 अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि नीट अर्थिंग पाहिजेच. अर्धा तास चालल्यावर बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावू नका, फक्त प्लगच्या प्लास्टिकला लावा. चटका बसत असेल तर आत पकड सैल झालीये. आमच्या वरच्यांचा सॉकेट असाच वितळला होता, पडद्याला आग लागली नाही हे नशीब.

पाणी खोलीत गळत असेल तर बहुधा एसी आत झुकलाय, त्याचा मागचा भाग बोटाच्या जाडीएवढा खाली असायला हवा, किंवा ट्रेमधलं पाणी मागे जायचं भोक गाळाने बुजलंय. वास येत असेल, ओल्या मोज्यासारखा, तर कॉइलवर बुरशी आहे, कॉइल धुऊन घ्या आणि रोज बंद करायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं नुसता फॅन चालवा म्हणजे कॉइल वाळते. खडखडाट म्हणजे बहुतेक सैल स्क्रू नाहीतर डब्याखालची पाचर निसटलेली. हिवाळ्यात बंद एसीत कबुतरं, गांधीलमाश्या, पाली घर करतात. मार्चमध्ये पहिल्यांदा लावायच्या आधी मागून टॉर्च मारून बघाच, आमच्याकडे एकदा पंख्याच्या पात्यातच काड्या अडकल्या होत्या.

सर्व्हिसिंगला येणारे आता जेट पंपाने धुतात, ते चांगलं आहे, फक्त इलेक्ट्रिकच्या भागावर प्लास्टिक बांधलंय ना ते पाहा आणि जोराची धार तिरपी मारू देऊ नका, त्या पातळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वाकल्या की हवा अडते. केमिकल म्हणून अॅसिड टाकू देऊ नका. वसईला बहिणीच्या बाहेरच्या कॉइलच्या पट्ट्या तर खाऱ्या हवेनेच पीठ झाल्या, हात लावला की झडतात, समुद्राकडच्या आणि नाल्याजवळच्या लोकांना तांब्याला खरंच बारीक भोकं पडतात आणि त्यांच्याकडे गॅस लीक ही खरी तक्रार असू शकते. नव्या मशीनमध्ये आर-32 असतो किंवा आर-290, हे पेट घेऊ शकणारे गॅस आहेत, त्यामुळे प्लेटवर जो लिहिलाय तोच आणि तेवढाच भरायचा, "यात दुसरा पण चालतो" म्हणणाऱ्याला परत पाठवा.

आणि 16 वर लावल्याने लवकर थंड होतं हा समज. साध्या कॉम्प्रेसरच्या एसीत तो एकाच जोराने चालतो, 16 लावा की 24, थंड करायचा वेग तोच, 16 ला तो फक्त थांबत नाही. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलवाले एसी मुळातच 24 वर सेट होऊन येतात. बाबांना 26 आणि वर पंखा एकवर, एवढं पुरतं, पहाटे अंग दुखत नाही आणि बिलही निवळलं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला बाबा स्वतः थर्मामीटर लावतात आणि दोन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहितात. या एप्रिलचे आहेत 29 आणि 18. त्या दुपारपासून आजपर्यंत आम्ही गॅस भरलेला नाही. फिल्टर दर दुसऱ्या रविवारी नळाखाली धुतो, तो आता भाच्याचा मान आहे.

काकूंकडे चाचा येत्या रविवारी अकराला येणारेत. मी पण जाणार आहे, थर्मामीटर घेऊन, आणि काकूंना सांगितलंय तोवर फिल्टर तेवढा धुऊन ठेवा.